चारपदरी की आठपदरी: डॉर्सेटच्या शेवाळात अडकलेला शनिवार

बेसिंगस्टोकहून इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटच्या किनाऱ्याला जायचं आम्ही ठरवलं, कारण घरात दुसरं काहीच ठरत नव्हतं. माझ्या नवऱ्याची, निनादची, नोकरी गेली होती आणि आमचा व्हिसा तिच्यावरच होता. मला केंब्रिजला नोकरी मिळत होती, व्हिसासकट. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर परत नागपूर. येतोस का, असं विचारलं की निनाद म्हणायचा, "आधी ही लाइन फायनल करू दे."

लाइन म्हणजे बास मासा पकडायची दोरी. हा नाद त्याला अचानक लागला. बास खडकांतल्या दाट शेवाळात लपतो आणि साधी दोरी तिथे टिकत नाही. म्हणून बारीक धाग्यांची वेणी घालून केलेली ब्रेडेड लाइन हवी. चारपदरी लाइन शेवाळ चांगलं कापते, आठपदरी फेकताना सुळकन सुटते. जाड घेतली तर लांब जात नाही, बारीक घेतली तर तुटते. रोज जेवताना हेच ऐकून मला नागपूर, केंब्रिज आणि शेवाळ यांतला फरक कळेनासा झाला होता.

शनिवारी सकाळीच एम-थ्री हायवेने निघालो. वेरहॅम गावापर्यंत रस्ता झकास आहे. पुढे मात्र तो इतका अरुंद होतो, की समोरून ट्रॅक्टर आला तर कोणीतरी मागे जायचं. आम्हीच गेलो. त्याआधी वेरहॅमला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात निनादने दोन्ही रिळं हातात धरून मालकाला विचारलं, यातली कुठली.

"डिपेंड्स, मेट," मालक म्हणाला. निनादचा चेहराच पडला.

शेवटी त्याने तीस पाउंडांचा ताण सोसणारी चारपदरी घेतली. ती खडकावर घासून झिजते, म्हणून पुढे जोडायला जाड नायलॉनचा तुकडाही घेतला. तुम्ही जाणार असाल तर पार्किंगसाठी सुटी नाणी जवळ ठेवा. खाली किनाऱ्यावर फोनला रेंज नाही, त्यामुळे ॲप चालत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा भरती जवळजवळ पूर्ण झाली होती. निनादने चार-पाच वेळा लाइन फेकली आणि गळाला आमिष म्हणून लावलेला प्लास्टिकचा मासा शेवाळात अडकला. खेचून पाहिलं, ढील दिली, बाजूला जाऊन पुन्हा खेचलं. लाइन काही तुटेना. तुटू नये म्हणूनच तर घेतली होती. निनाद ती हाताला गुंडाळायला लागला, तशी कुत्र्याला फिरवणारी एक बाई थांबली.

"डोन्ट, लव्ह. इट'ल हॅव युअर फिंगर्स ऑफ."

हाताला गुंडाळून खेचली तर ही लाइन बोटं कापते, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

"काप ना ती," मी म्हटलं.

"अन् ते प्लास्टिक तसंच सोडायचं समुद्रात? ओहोटीपर्यंत थांबू."

म्हणजे अख्खी दुपार. मेथीचे पराठे खाल्ले, थर्मासमधला चहा संपवला. निनादने रॉड हातातून सोडला नाही. मला राग येत होता, पण कशाचा ते सांगता येत नव्हतं. लाइनचा, त्याच्या कंपनीचा, की त्याच्या गप्प बसण्याचा?

मग पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "केंब्रिजला मी काय करू? तू ऑफिसला जाशील. लोक विचारतील, निनाद काय करून राहिला?"

"मग नागपूरला जायचं?"

"तिथेही तेच विचारतील."

"इथे आलो तेव्हा पहिलं वर्ष मी घरीच होते, निनाद. जॉब शोधत. मला कोणी विचारलं?"

आता त्याने माझ्याकडे बघितलं. "मी नाही विचारलं," तो म्हणाला.

मला एकदम रडू आलं. त्याने रॉड माझ्या हातात दिला आणि चहा उरलाय का ते थर्मास उलटा करून पाहिलं.

पाणी हटल्यावर तो बुटांसकट शेवाळात शिरला. बऱ्याच वेळाने प्लास्टिकचा मासा घेऊन परत आला. खरा बास काही आम्हाला दिसला नाही. परतीच्या वाटेत वेरहॅमला गरम चिप्स घेतल्या, भरपूर व्हिनेगर घालून. त्या मात्र चुकवू नका.

रविवारी त्याने लाइनवरचं मीठ सिंकमध्ये धुतलं आणि ती कपड्यांच्या स्टँडवर वाळत घातली. सगळं घर समुद्रासारखं वास मारत होतं. मी लॅपटॉप उघडून बसले होते, काय लिहावं ते सुचत नव्हतं.

"का गं, केंब्रिजच्या नदीत शेवाळ असतं का?" त्याने विचारलं. "तिथे आठपदरी चालेल, असं वाटतंय."

हा होकार होता की पुन्हा तेच सुरू, ते मला अजूनही उमगलेलं नाही. मी तो होकार धरला आणि मेल लिहायला घेतला. तो हात पुसत आला आणि स्पेलिंग तपासायला माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.