स्पर्धा टीव्हीवर, आप्पा शिरूरला

दौंड जंक्शनातून आजवर सुटलेली प्रत्येक गाडी आपल्याच परवानगीनं सुटली, अशी माझ्या नणंदेच्या सासऱ्यांची ठाम समजूत आहे. आप्पा रेल्वेत गार्ड होते. नोकरी संपली, सवय राहिली. घरातून कोणी बाहेर पडलं की ते उंबऱ्यात उभे राहून हात उंच करतात. तो खाली येईपर्यंत कोथिंबीर आणायलासुद्धा जाता येत नाही. पंगतीत त्यांची शिट्टी झाल्याशिवाय भात वाढायचा नाही. मला वेळेवर चालणारी माणसं आवडतात, म्हणून आमचं जमतं.

यंदा आप्पांनी टीव्हीवरची एक स्पर्धा चालवायला घेतली. पुरुषांनी बाईचा साजशृंगार करायचा, नाचायचं, लोकांना हसवायचं आणि दर शनिवारी एकानं बाद व्हायचं. त्यात आप्पांचा शिरूरचा भाचा उतरला होता. त्याचे वडील, म्हणजे आप्पांचे मेहुणे, मार्केट यार्डातले आडतदार. पहिला भाग लागला आणि त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. शनिवारी घरात टीव्ही लावायचा नाही, असं फर्मानही काढलं.

"मग मी कशाला हाय?" असं म्हणून आप्पा दर शनिवारी एसटीनं शिरूरला जाऊ लागले. बायकोचा भाऊ पाहुणा आलेला, त्याला टीव्ही बंद कर म्हणायची शिरूरात कोणाची छाती आहे? मेहुणे मग अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसत. आप्पा आवाज वाढवत आणि शिवाय खिडकीतून ओरडून सगळं सांगत. भाचा पहिल्यांदा उंच टाचांवर चालला तेव्हा, "पाव्हणं, गाडी रुळावर हाय!" एकदा नाचताना त्याचा विग निसटला. त्यानं तोच परडीसारखा हातात धरला आणि परीक्षकांपुढं जोगवा मागितला. आप्पांना हसून हसून ठसका लागला. भाचा बाद होता होता वाचला, त्या शनिवारी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. एक मेहुण्यांपुढंही धरला.

"मला शुगर हाय," मेहुणे रस्त्याला म्हणाले.

शेवटी भाचा दुसरा आला. तो घरी येणार म्हणताच आप्पांनी शिरूरच्या अंगणात सत्कार ठरवला आणि सामान माझ्यावर सोपवलं. मी विचारलं, "आप्पा, पुरुषाला टोपी-उपरणं, बाईला खण-नारळ. इथं काय आणू?"

आप्पांनी सवयीनं हात उंच केला. मग म्हणाले, "दोन्ही आन. कामं त्यानं दोन्ही केल्यात."

भाचा साध्या शर्टात आला. आप्पांनी टोपी घातली, आईनं खण दिला, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मेहुणे खुर्चीत पाठमोरेच. भाचा समोर जाऊन पाया पडला. त्याच्या आईनं डोळ्यांना पदर लावला.

मेहुण्यांनी खाली बघतच विचारलं, "शेवटाला ते हिरवं लुगडं कुणी नेसवलं?"

"माझं मीच, दादा."

"पदर आखूड घेतलास. तुझी आज्जी लांब सोडायची."

आप्पा उडालेच. "आरं, पन पाव्हणं, तुम्ही बघितलं कवा?"

"रविवारी दुपारी परत लावत्यात," मेहुणे म्हणाले. "तवा घरात आरडाओरडा नसतो."

परवा शनिवारी दौंडला गेले, तर आप्पा पिशवी घेऊन स्टँडवर निघालेले. म्हटलं, "आता कुठं? स्पर्धा तर संपली."

"बापलेक बोलाय लागल्यात खरं," आप्पा म्हणाले, "पन दोन वाक्यं झाली का गप बसत्यात. मधी कुणीतरी पायजे."