कंपनी विकली, देव आतच

आमच्या शेजारची केमिकल कंपनी विकली जाणार अशी कुणकुण लागली की माझं डोकं दुखायला लागतं. मी काही तिची भागीदार नाही. पण आमचा गावदेव तिच्या कंपाउंडमध्ये आहे.

तलासरीच्या हायवेपासून आत आमचा पाडा. पाड्याला लागून कंपनीची भिंत, भिंतीच्या आत एक जांभूळ आणि त्याखाली शेंदूर लावलेला दगड, तोच देव. भात झोडून झालं की नवे तांदूळ आधी त्याच्यापुढे ठेवायचे, मग घरी शिजवायचे. तोवर नव्या भाताचं शीत कुणी तोंडात घालत नाही. कंपनीचा मालक कोण, याच्याशी देवाला देणंघेणं नाही. आम्हाला आहे, कारण गेट मालकाचं.

भिंत बांधली तेव्हा मी तिशीतली होते आणि स्वतःला भलतीच शहाणी समजायची. माहेर वरोरचं, शिक्षण सातवी, त्यामुळे पाड्याच्या वतीने बोलायचं काम मी कुणी न सांगताच अंगावर घेतलं होतं. सेठ म्हणाला, "बेन, भगवान तो बधाना छे, देव सगळ्यांचाच. तुमच्यासाठी दरवाजा कायम उघडा." झालं! बाईसाहेब विरघळल्या. वर सेठने नारळ माझ्या हातून फोडून घेतला. तो काही केल्या फुटेना, आणि फुटला तेव्हा सगळं पाणी सेठच्या सफारीवर. त्या दिवसाचा फोटो आहे. नथ घालून मी अशी उभी आहे, जशी कंपनी मीच काढली. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी घरी येताना विचारलं, "अगो, आन् सेठ गेला म्हंजे?"

"सेठ कुठे जातोय?" इति मी.

सेठ वर गेला. त्याच्या मुलांनी काही वर्षं कंपनी चालवली आणि २०१४मध्ये वापीकडच्या भागीदारांना विकली. पाटी बदलली, गेटला निळा रंग लागला, गंज तोच राहिला. नवीन साहेबाला मी सेठचा शब्द सांगितला. तो म्हणाला, "कोण सेठ?" त्याला देव दाखवला, तर माणूस भला, त्याने दगडाभोवती लाद्या बसवल्या आणि शेजारी गणपती आणून ठेवला. आमच्या देवाला पाहुणा आला. पण दार उघडलं, म्हणून मी गप्प बसले.

मग भागीदारांचं आपसात फाटलं आणि कंपनी मुंबईच्या कुणीतरी घेतली. पुन्हा नवी पाटी, नवा साहेब, पुन्हा मी पहिल्यापासून: मी इथली सून, हा देव, हा नवा तांदूळ. एकच गोष्ट नातवंडांना सांगून कंटाळा येत नाही. साहेबांना सांगून येतो. या साहेबाने जांभळाला हिरवा बोर्ड ठोकला: धोक्याच्या वेळी सर्वांनी येथे जमावे. आणि आम्हाला सांगितलं की इथे जमायला बंदी आहे!

"साहेब, बोर्ड काय म्हणतो?"

"आजी, तो कामगारांसाठी आहे."

"मग आमच्याकडे धोका आला तर आम्ही कुठे जमायचं?"

"तुम्ही घरीच थांबायचं."

त्या साली गेटच्या फटीतून तांदूळ आत टाकले. जाऊबाई त्यावर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि २०१८ला कंपनी तिसऱ्यांदा विकली गेली. भात घरात येऊन पडलं, जुने तांदूळ संपले आणि जाऊबाई अडून बसल्या. गेटच्या फटीतलं त्यांना चालणार नव्हतं. तोंडात दात नाही, नागलीची भाकरी पाण्यात कुस्करून गिळायच्या. हात काटकीसारखे झाले. त्यांचा मुलगा रेशनचे तांदूळ घेऊन आला, तर म्हणाल्या, "घरात नवं भात असून इकतचं खाऊ?" त्याने माझ्याकडे पाहिलं. जणू कंपनी मीच विकत होते.

मी रोज गेटवर. वॉचमन म्हणे साहेब मीटिंगमध्ये. शेवटी सुटाबुटातल्या कुणा साहेबाऐवजी एक पोरगेलीशी मॅनेजरबाई बाहेर आली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, कंपनी घेताना आम्हाला टाक्या दाखवल्या, पंप दाखवले, देव कुणी दाखवलाच नाही."

"दाखवते ना. चल."

रविवारी या म्हणाली. पण आत हेल्मेट घालावं लागेल, आणि दिवा नाही, उदबत्ती नाही.

जाऊबाईंना मुलाने मोटारसायकलवर बसवून गेटपर्यंत आणलं. दिव्याचं कळल्यावर त्या चिडल्या. "दिवा नाय? मंग देवाला कळंल कसं, कोन आलंय ते?"

मॅनेजरबाई म्हणाली, "आजी, आत पेट घेणारा माल आहे. ठिणगी उडाली तर तुम्ही, मी, देव, सगळेच जाऊ."

"बरं, र्‍हाऊ दे," जाऊबाई म्हणाल्या. "त्यो वळखील आवाजावरून."

पण खरा घोळ हेल्मेटवर झाला. देवापुढे डोक्यावर पदर हवा. वॉचमन म्हणे हेल्मेट वर, पदर खाली. जाऊबाई म्हणाल्या, पदराच्या वर काही चालणार नाही. दोघंही हटेनात. उन्हात नव्या तांदळाचं सूप धरून माझे हात भरून आले. शेवटी मीच पिवळं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि त्यावरून पदर ओढला. डोकं भोपळ्याएवढं झालं. वॉचमन तोंड फिरवून हसत होता, मॅनेजरबाई मोबाइलमध्ये काही नसताना मोबाइलमध्ये बघत होती. जाऊबाई मात्र तशाच, सरळ, जांभळापर्यंत चालत गेल्या. गणपतीला बाजूला सरक म्हणाल्या, दगडापुढे तांदूळ ठेवले आणि त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलल्या. माझ्याबद्दलच तक्रार असणार.

घरी आल्या आल्या भात टाकला. त्यांनी मऊ भात, वरून आमटी, पुन्हा भात, असं मागून मागून खाल्लं. मुलगा दारात उभा राहून बघत होता. जेवण झाल्यावर जाऊबाई भिंतीला टेकल्या.

"अगो, फुडल्या साली जरा मोठं हेल्मेट माग. अंबाडा दुखला माझा."

कंपनीतून निघताना मॅनेजरबाईने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, की वरचे लोक कंपनी पुन्हा विकायचं बघताहेत. ते मी जाऊबाईंना सांगितलं नाही. म्हटलं, "मागते," आणि त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.