घट्टे पाडायचा उद्योग

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने कशाचीही घाई करावी, पण स्वतःच्या कातडीला घाई करू नये! मी केली.

संप लांबला होता. लालबागच्या मिलमध्ये मी हजेरीखात्यात कारकून, तेही बंद. घरात मी आणि आई, मिळवता मी एकटा. अशात दोस्त बाळ्या धावत आला. "माझगावच्या गोदीत माझा मामा मुकादम आहे. त्याच्याकडे एक जागा आहे. तुझं नाव टाकलंय. सोमवारी ये."

आता गोदीतला मुकादम आधी तळवे बघतो, घट्टे असले तरच माणूस घेतो, हे अख्ख्या चाळीला ठाऊक. आणि माझे तळवे? लोण्याचे गोळे!

हमाली तर हमाली! शेजारची सुमनताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिला गाठलं.

"ताई, कुठे जाड व्हायचं ते कातडीला कळतं कसं गं?"

ताई खुलली. "अरे, कातडीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. कुणी ओढलं, दाबलं की त्यांना समजतं. रोज थोडा थोडा ताण आला की पकड घट्ट करतात, थरावर थर चढवतात. तो घट्टा."

"म्हणजे युनियनच की!"

"तसंच समज. पण एकदम जोर पडला तर..."

पुढचं ऐकायला थांबतोय कोण? सोमवार परवावर आलेला!

गॅलरीच्या खांबाला सुंभ बांधला आणि ओढत सुटलो. खालून कुणीतरी ओरडलं, "काय रे, चाळ माझगावला नेतोस काय?" आई करवादली, "मेल्या, ह्यां काय करतंस? हात फुटतले ना!"

हात पेटले, पण मी खूश. जळतंय म्हणजे आत पेशींची सभा भरली असणार, ठराव पास होत असणार!

रविवारी सकाळी बघतो तर दोन्ही तळव्यांवर, अंगठ्यांवरसुद्धा, द्राक्षांएवढे फोड. ताईने कपाळावर हात मारला.

"तेच सांगत होते! एकदम ओढलं की पेशींची पकड सुटते, वरचा थर सुटा होतो आणि मधे पाणी भरतं. घट्ट्याला महिने लागतात, बाबा."

खरं सांगू? दुखत होतं, तरी मला कौतुकच वाटलं. वरच्या पेशी सुटल्या, पण खालच्यांसाठी पाण्याची गादी घालून गेल्या!

सोमवारी मामांसमोर तळवे पसरले. "बघा मामा, मेहनतीचे हात! कसलंही ओझं उचलतो."

मामा दचकले. "ओझं? ओझं उचलायला माणसं ढिगाने आहेत माझ्याकडे. मला पेट्यांची नोंद ठेवायला कारकून हवाय. बाळ्या म्हणाला, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. लिही बघू नाव."

मी पेन धरलं. पहिलं अक्षर काढलं आणि अंगठ्यावरचा फोड फुटला. कागद ओला.

मामांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"घरी जा, पोरा. सही जमत नाही म्हणून अंगठा घ्यावा, तर तुझा तोही शाबूत नाही!"