भुलीच्या दोन जावा

"मुंगी आली का?" वॉर्डात पाऊल टाकलं की आमचे भूलवाले डॉक्टर आधी हेच विचारायचे. बधिर हाताला मुंग्या येऊ लागल्या असतील, तर शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून ते वेळ टिपायचे. नसतील, तर पलंगाच्या कडेला बसून पेशंटच्या गावची चौकशी करायचे.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सर्जनचं नाव पाटीवर असतं, भूल देणारा स्कूटरवरून येतो नि जातो. आमचे डॉक्टर सकाळी नाशिक रोडला, दुपारी पंचवटीत, मधल्या वेळात आमच्या छोट्या हॉस्पिटलात. मी तिथली ऑपरेशन थिएटरची सिस्टर.

सबंध माणूस झोपवण्यापेक्षा तेवढा हात किंवा पाय बधिर करणं त्यांना फार आवडायचं. त्यासाठी वर्षानुवर्षं एकच औषध होतं, बुपिवाकेन. मग रोपिवाकेन आलं आणि वहीत दोन रकाने पडले. कुणाची भूल किती तास टिकली, बोटं कधी हलली, दुखणं कधी परतलं. ही नावं नातेवाइकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही औषधांच्या जावा करून टाकल्या: बुपिवाकेन थोरली, रोपिवाकेन धाकटी.

"थोरली एकदा बसली की उठायचं नाव नाही. दुखू देत नाही, पण बोटही हलवू देत नाही. धाकटी जरा लवकर निघते, पण मोकळीक देते. आणि थोरली चुकून रक्तात शिरली, तर थेट हृदयाशी भांडण काढते. धाकटी त्या मानानं गरीब."

"मग थोरलीला घालवा की," मी म्हणायचे.

"अहो सिस्टर, इतकी वर्षं घर तिनंच सांभाळलंय!"

एकदा सुरगाण्याकडची एक बाई आली. जीपमधून पडून उजव्या हाताचं हाड मोडलेलं. सकाळी थोरली देऊन ऑपरेशन छान झालं. हात संध्याकाळपर्यंत बधिर राहील, त्याला जपा, हे घरच्यांना सांगणं माझं काम. मी मैत्रिणीशी फोनवर गप्पा मारत बसले आणि साफ विसरले.

दुपारी डॉक्टर वॉर्डात शिरले, तर बाई हुंदके देत होती. "हात मेला माझा! आवणी कशी करू आता?" भाताची लावणी महिन्यावर आली होती. तिची सासू चहाच्या टपरीवरून वीट तापवून, फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. "शेकलं का जीव येल," म्हणत ती वीट सुनेच्या बोटांवर ठेवणार, तेवढ्यात डॉक्टरांनी झडप घालून ती उचलली. बाईला काहीच कळलं नसतं, बोटं भाजून निघाली असती. भाजला तो डॉक्टरांचा तळवा.

आरडाओरडा ऐकून सर्जन धावत आले. "यांना कुणी सांगितलं नव्हतं?"

मी तोंड उघडलं. नळाखाली हात धरलेले डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडून राहिलं."

पुढची केस त्यांनी फोन करून लांबवली आणि बाईजवळ बसून राहिले. नागलीची भाकरी कशी थापतात, ते विचारून घेतलं. सहाच्या सुमाराला तिची करंगळी हलली.

"हालली! आत्याबाई, हालली!"

सासूनं डोळे पुसले, मग डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. "तुमच्या हाताला काय लावू, बाबा?"

"माझा जागा आहे, आजी. म्हणून तर दुखतोय."

नंतर मी दोनदा माफी मागायला गेले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "कसली वीट?" आणि स्कूटरला किक मारली.

ते गेले, तेव्हा शोकसभा झाली. सर्जन म्हणाले, "या माणसाची मी एकच चूक पाहिली," आणि त्यांनी विटेची गोष्ट रंगवून सांगितली. लोक डोळे पुसता पुसता हसले. मला बसवेना. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ती चूक माझी होती."

पहिल्या रांगेतून डॉक्टरांच्या पत्नीनं मागे वळून पाहिलं.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "या, इथं माझ्याजवळ बसा."