माझे दिवस सांगणारी

इंग्लंडमध्ये लेस्टरला मी पोचले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलला जागा मिळाली नाही, म्हणून कालव्याजवळच्या एका गल्लीत, एकमेकांना चिकटून ओळीने उभ्या असलेल्या विटांच्या घरांपैकी एका घरात मी खोली घेतली. घरमालक गुजराती आजोबा होते, राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला. किल्ली देताना त्यांनी घर दाखवलं. खाली पुढच्या खोलीत हॉस्पिटलमध्ये काम करणारी एक नायजेरियन नर्स, मागे किचन, वर बाथरूम आणि दोन खोल्या. त्यातली एक माझी. दुसऱ्या बंद दाराकडे बोट करून ते म्हणाले, "इधर भी स्टुडन्ट है. बहुत शांत लडकी."

मुळात ती एकच मोठी खोली असणार. मध्ये पातळ पार्टिशन घालून तिच्या दोन केल्या होत्या, आणि ते पार्टिशन नेमकं खिडकीच्या मधोमध आलं होतं. अर्धी खिडकी माझ्याकडे, अर्धी पलीकडे. पलंग त्या पातळ भिंतीला लागूनच ठेवावा लागत होता. दुसरीकडे तो मावतच नव्हता.

पहिला आठवडाभर मी शेजारणीची वाट पाहिली. पुण्याहून आणलेल्या बाकरवडीतली थोडी तिच्यासाठी काढून ठेवली. ती दिसली नाही. पण ती होती. सकाळी मी किचनमध्ये गेले की केटल गरम असायची. बाथरूमच्या आरशावर वाफ धरलेली असायची. सिंकमध्ये घाईने टाकून गेलेला माझा मग संध्याकाळी धुऊन ओट्यावर उपडा घातलेला असायचा. मला वाटलं, नर्सबाई धूत असतील. एका रविवारी त्या भेटल्या तेव्हा मी आभार मानले.

"मी नाही," त्या म्हणाल्या. "मला माझेच धुवायला वेळ नसतो."

"मग शेजारच्या मुलीने धुतला असेल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठली मुलगी? वरची ती खोली रिकामी आहे ना? मी मे महिन्यापासून इथे राहते. त्या खोलीतून कुणाला येताना-जाताना मी पाहिलेलं नाही. मला वाटलं, मालकांनी सामान ठेवलंय तिथे."

मी हसले, त्याही हसल्या. वर जाताना मात्र त्या दारापुढून मी जरा भराभर गेले.

माझा दिनक्रम बसला होता. लेक्चर संपवून चारच्या सुमारास घरी यायचं, चहा करायचा, पलंगावर भिंतीला टेकून बसायचं आणि आईला फोन करायचा. तिकडे तेव्हा जेवणं उरकत आलेली असायची. आईला सगळं साग्रसंगीत लागायचं. नुसतं "ठीक आहे" म्हटलेलं तिला चालत नसे. त्यामुळे मीही दिवसभर बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवायचे. कालव्यावर एक करडा बगळा रोज एकाच जागी उभा असतो आणि पहिले दोन दिवस मी त्याला पुतळा समजले होते, हे सांगितलं. वाऱ्याने छत्री उलटी झाली तेव्हा बसस्टॉपवरच्या एका म्हाताऱ्याने ती गुडघ्यावर दाबून सरळ करून दिली, हे सांगितलं. सेमिनारमध्ये मॅडमनी, "तुमच्याकडे हे असंच करतात का?" असं विचारल्यावर माझी कशी फे-फे उडाली आणि मग मी काय बोलले, तेही सांगितलं. सांगून झालं की तो दिवस खरोखर माझा झाला, असं वाटायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर एकदा दुपारचं लेक्चर रद्द झालं आणि मी साडेबाराच्या आतच घरी आले. बाहेर पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. नुसता तो पांढरट उजेड होता. जोडे काढून मी जिना चढायला लागले आणि निम्म्यावर थांबले. वरून मराठी ऐकू येत होतं.

आधी आनंदच झाला. तीन आठवडे कुणाच्या तोंडून समोरासमोर मराठी ऐकलं नव्हतं. मग शब्द कळायला लागले.

"अगं आई, मला तर पुतळाच वाटला बघ. दोन दिवस मी तसंच समजत होते. आणि काल अचानक मान वळवली की त्यानं!"

मी कठड्याला धरून उभी राहिले. बगळ्याने मान वळवल्याचं मी आदल्या संध्याकाळीच आईला सांगितलं होतं.

"छत्री? आता बरी हाय. त्या आजोबांनी दिली की नीट करून. गुडघ्यावर अशी दाबली आन् झालं." मग, "मॅडम चांगल्या हायत गं. मला इचारलं, तुमच्याकडं असंच करतात का. मी आधी घाबरले. मग म्हटलं, करतात, पण कारण येगळं असतंय."

माझीच वाक्यं होती. क्रमही माझाच होता. फक्त आवाज दुसरा आणि हेल सांगलीकडचा.

मी उलट्या पावली जिना उतरले, जोडे हातात घेऊन बाहेर आले आणि फुटपाथवर ते घातले. कालव्यापर्यंत चालत गेले. बगळा तिथेच होता. त्याच्याकडे बघताना मला धड आठवेना की त्याने मान वळवलेली मी खरंच पाहिली होती, की कुणीतरी सांगितलेलं ऐकलं होतं. हे आज लिहिताना खुळचट वाटतं. त्या दिवशी मी काठावरच्या बाकावर तासभर बसून राहिले. घराबाहेर पडल्यापासून घडलेली एकेक गोष्ट पहिल्यापासून आठवत होते, आणि ती बोलून दाखवायची भीती वाटत होती.

त्यानंतर मी फोनवर हळू बोलायला लागले. आई म्हणायची, "आवाज का असा? बरं नाही का?" मी मेसेजवर भागवू लागले. पण केटल गरमच असायची, माझा मग उपडा घातलेला असायचा. पार्टिशनला टेकले की पलीकडे कुणीतरी तसंच टेकलेलं आहे, असं पाठीला जाणवायचं. मी पलंग जरा पुढे ओढून पाहिला, तर दार उघडेना. परत मागे सारला.

आठवडाभराने मी एक गोष्ट केली, जिची मला अजून लाज वाटते. तिची परीक्षा घ्यायची म्हणून मी खोटं बोलले. आईला फोन लावला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "आई, मी लाल कोट घेतला. थंडीचा, लांब, गुडघ्यापर्यंत येतो." असला कोट मी घेतला नव्हता. लाल रंग मला आवडतही नाही. आई चकितच झाली.

दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून मी साडेबाराला जिन्यावर येऊन बसले, जोडे हातात घेऊन. थोड्या वेळाने पलीकडचा आवाज सुरू झाला.

"आई, लाल कोट घेतला गं. लांब हाय. गुडघ्यापर्यंत येतोय. बटणं मोठी हायत, काळी. आतून मऊ अस्तर हाय."

बटणांचं मी काही बोलले नव्हते. अस्तराचंही नाही. ती त्या कोटात शिरली होती.

फोन स्पीकरवर असावा. तिकडून बाईचा आवाज आला, खुशीतला. "अगं बया! फोटू धाड की मग. घालून उभी ऱ्हा आन् धाड. समद्यास्नी दावते."

 मुलगी हळूच म्हणाली, "धाडते."

त्यानंतरचे तीन दिवस केटल गार होती. आरशावर वाफ नव्हती. माझा मग सिंकमध्ये तसाच पडून होता, तळाला चहाचा डाग धरून. साडेबाराला मी घरी येऊन बघायचे, वर शांत. ती असताना जितकी भीती वाटली नव्हती, तितकी ती ऐकू येईनाशी झाल्यावर वाटायला लागली. दार ठोठावलं. ते उघडलं नाही. नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू मालकांना फोन कर, त्यांच्याकडे दुसरी किल्ली असेल. पण आधी तिच्याशी तिच्या भाषेत बोलून बघ."

मी खोलीत आले. चार वाजून गेले होते, दिवस कलत होता. नेहमीच्या जागी, पलंगावर भिंतीला टेकून बसले. हातात फोन नव्हता. भिंतीकडे तोंड न करताच बोलले, मोठ्याने.

"तो कोट खोटा होता. मी घेतलेला नाही. तू ऐकतेस का ते बघायला मी मुद्दाम सांगितलं. माझं चुकलं."

 पलीकडच्या अर्ध्या खिडकीचा पडदा किंचित हलल्यासारखा काचेत दिसला. आणि मग अगदी माझ्या डोक्यामागून, हाताच्या अंतरावरून, आवाज आला.

"मग मी आता फोटो कुठला धाडू?"

 मला रडू आलं. उठून बाहेर गेले. तिचं दार उघडत होतं.

माझ्याच वयाची, माझ्याहून बुटकी, जाड स्वेटर घातलेली, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी. बसमध्ये शेजारी बसली तर लक्षातही राहणार नाही अशी. खोली लख्ख आवरलेली. टेबलावर एक जाड वही उघडी होती. मी न विचारताच तिने ती मला दाखवली. त्यात तारीखवार माझे दिवस होते. बगळा, छत्री, मॅडम, बसमध्ये माझ्या बाजूला बसलेला कुत्रा, बिघडलेला भात. समोरच्या रकान्यात तिने स्वतःचे शब्द लिहिले होते.

"चुकायला नको म्हणून," ती म्हणाली. "आई मागचं सगळं ध्यानात ठेवते."

ती वर्षभर आधी आली होती. दोन विषय राहिले. पुन्हा द्यायचे होते, तेव्हा ती गेलीच नाही. मग युनिव्हर्सिटीत जाणं थांबलं. ईमेल आले, ते तिने उघडले नाहीत. सकाळी आम्ही उठायच्या आत ती चहा-अंघोळ उरकायची; आम्ही दोघी बाहेर पडलो की खाली यायची, ब्रेड-दूध आणायची, भांडी धुवायची आणि वर जायची.

"तू यायच्या आधी मी मनानंच सांगायचे," ती म्हणाली. "उन्हाळाभर सांगितलं. मग सुचेनासं झालं. काय सांगणार? खिडकीतनं काय दिसतंय? आन् मग तू आलीस. पहिल्याच दिवशी तू आईशी बोललीस, आन् मला वाटलं, हे माझ्यासाठीच हाय."

"आणि माझा मग?"

"तुझं एवढं घेत होते," ती म्हणाली. "काहीतरी करायला नको?"

नर्सबाईंनी त्या दिवशी तिला खाली बसवून गरम सूप पाजलं आणि ईमेल एकेक करून उघडायला लावले. आम्ही तिघींनी वाचले. टर्म सुरू होतानाच तिचं नाव कमी झालं होतं. व्हिसा संपत असल्याचं पत्रही त्यात होतं. देश सोडायला काही आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर स्टुडन्ट सपोर्टच्या ऑफिसात गेले. तिथली बाई सौम्य होती, पण तिच्या हातात फारसं काही नव्हतं. परत जाऊन पुढे कधीतरी नव्याने अर्ज करता येईल, एवढंच तिने सांगितलं.

आईला सांगायचं राहिलं होतं. दुपारी साडेबाराला, तिच्या पलंगावर, मी शेजारी बसले आणि तिने फोन लावला. तिची आई अंगणवाडीत कामाला होती, त्या वेळी घरी आलेली असायची. तिने सगळं एका दमात सांगितलं. रडली नाही. पलीकडे पंखा चालू होता. 

मग तिची आई म्हणाली, "मला वाटतच हुतं."

"काय वाटत हुतं?"

"म्हयनाभर तू बोलायचीस, आन् फोन ठिवला की मी बसून ऱ्हायची. वाटायचं, आवाज माझ्या पोरीचा हाय, पर ही माझी पोर न्हाई. दुसरंच कुणीतरी तिच्या तोंडानं बोलतंय. तुझ्या बापाला बी सांगितलं. ते म्हणले, तुझं डोस्कं फिरलंय." आणि मग तिची आई म्हणाली, "आज तू बोललीस."

मी उठून बाहेर आले. ते दोघींचं बोलणं होतं आणि ते ऐकायचा मला काही हक्क नव्हता. पण पातळ भिंतीतून ऐकू यायचं ते येतच राहिलं, म्हणून मी खाली किचनमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नोव्हेंबरात ती गेली. नर्सबाईंनी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघी तिला विमानतळाला जाणाऱ्या बसपर्यंत सोडायला गेलो. जाताना ती वही मला देत होती. मी घेतली नाही. तिने ती स्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, मग परत काढली आणि बॅगेत ठेवली.

आता ती मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवाळीला मेसेज येतो. लेस्टरविषयी ती काही विचारत नाही, मीही काही सांगत नाही. मी जानेवारीत ते घर सोडलं, डिग्री पुरी केली, लंडनला नोकरीला लागले. ईलिंगमधल्या माझ्या फ्लॅटच्या भिंती चांगल्या जाड आहेत. तरीही आईशी बोलायचं झालं की मी कोट चढवून खाली रस्त्यावर जाते आणि चालत चालत बोलते. पाऊस असला तर आईला पलीकडे गाड्यांचाच आवाज जास्त येतो आणि ती वैतागते. "घरात बसून बोलता येत नाही का तुला?" ती विचारते. मी म्हणते, इथे रेंज बरी येते.