अक्काच्या चिमणीचं बाळ

चिमणी-कावळ्याची गोष्ट तुम्हाला कुणी पाच मिनिटांत सांगितली असेल, तर सांगणाऱ्यानं तुम्हाला फसवलं असं समजा. माझ्या थोरल्या जावेला तीच गोष्ट सांगायला भाद्रपदातली अख्खी दुपार पुरायची नाही. मी भूमकडची. लग्न होऊन अणदूरजवळच्या त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं, तिकडं जगात लढाई जुंपली होती, पण आमच्या आळीत त्या दोन्हींपेक्षा दरारा होता तो या गोष्टीचा. जावेला सगळी आळी अक्का म्हणायची. तिनं ओट्यावर बसून घसा खाकरला की पोरं कुठून कुठून उगवत. एक पोरगं तर गोष्ट ऐकायला आजारपणातून उठून आलं आणि बरं होऊनच घरी गेलं, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं. तो भिजत, कुडकुडत मेणाच्या घरातल्या चिमणीचं दार वाजवतो. चिमणी आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. मग थांब, बाळाचं अंग पुसते. दुसऱ्या कुणाची चिमणी तीट-काजळावर आटपायची. अक्काची चिमणी बाळाला तेल लावी, टाळू भरी, धुरी देई, झबलं सापडत नसे, सापडलं तर त्याचा बंद तुटलेला असे, तो शिवायला सुई शोधी. तोवर बाहेर कावळ्याच्या पिसांना शेवाळ धरलेलं असायचं. पोरं कावळा होऊन दार वाजवत, अक्का आतून चिमणी होऊन उत्तर देई, आणि दर उत्तराला पोरं हसून लोळत.

हे बाळाचं सगळं अक्काला इतकं बारकाईनं कसं ठाऊक, असं आळीतल्या बायका एकमेकींना विचारत आणि मग एकमेकींकडे बघत. कारण लग्नाला बारा वर्षं होऊन अक्काची ओटी रिकामीच होती. तोंडावर कुणी बोलायचं नाही. पण पेरणीच्या दिवशी न बोलता सगळं बोलून व्हायचं. आमच्याकडे तिफण जुंपली की बियाण्याची पहिली मूठ चाड्यात लेकुरवाळीच्या हातानं पडते. चाडं म्हणजे तिफणीवरचं ते लाकडी वाडगं, त्यातून बी नळ्यांत उतरतं. गावातल्या सगळ्या लेकुरवाळ्या त्या दिवशी रानात जात, आणि अक्का घरी बसून जोंधळा निवडत असे. निवडलेलाच परत निवडत असे.

आता शेजारी. मागच्या परसाला लागून एका म्हाताऱ्याचं घर. बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली, घरात तो एकटा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. त्याच्यासारखा शाळू जोंधळा पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. दाणा एवढा टपोरा की एक कोंबडी एक दाणा खाऊन दिवसभर सुस्त पडायची. पण मामा बियाण्याचा दाणा कुणाला देईल तर शप्पथ. अहो, दाणा राहू द्या, तो विस्तवसुद्धा देत नसे. लढाईमुळं काडेपेटी मिळायची नाही, तेव्हा ज्याची चूल आधी पेटेल त्याच्याकडून गोवरीवर निखारा आणायचा ही रीत. मामाची चूल सगळ्यांच्या आधी पेटे. मी गोवरी घेऊन दाराशी उभी राहिले की आतून आवाज यायचा, “थांब, लिंगपूजा चाललीय.” मग, “थांब, जेवतोय.” मग, “थांब, आचवतोय.” तेवढ्यात निखाऱ्याची राख व्हायची.

एकदा अक्काची गोष्ट रंगात आली होती. चिमणी बाळाची टाळू भरत होती. तोच भिंतीवरून मामाचं मुंडकं वर आलं.

“अक्का, म्या समदं ऐकतोय. ही चिमनी म्हंजी मीच ना?”

“छे हो मामा,” अक्का म्हणाली. “चिमनीला एक बाळ तर हाय. सबब तरी खरी हाय तिची.”

पोरं हसली. मुंडकं खाली गेलं. त्यानंतर दोन महिने मामा आमच्या कोंबडीशीसुद्धा बोलला नाही.

त्याच वर्षी लेव्हीवाले आले. पिकलेल्या जोंधळ्यातला ठरलेला वाटा सरकारी कोठारात घालायचा, त्याला लेव्ही म्हणत. मामानं आपला वाटा घातला होता. पण बियाण्याचा शाळू त्यानं परसात रांजणात पुरून ठेवला होता आणि दाखवायचा तेवढा दाखवला नव्हता. सापडला असता तर दडवलेलं धान्य म्हणून गेला असता, आणि पेरणी पंधरा दिवसांवर. दुसरं बी विकत घ्यावं तर गावात उरलं होतं कुठं? शिवाय त्या वाणाचं बी जगाच्या पाठीवर त्या एका रांजणातच होतं, असं मामा सांगायचा. या एका बाबतीत तो वाढवून बोलत होता असं मला वाटत नाही.

भर दुपारी आळीच्या वरच्या टोकाला गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासनीस, आणि त्याचा शिपाई दिसले. शिपायाच्या हातात ही लांब लोखंडी सळई. जमीन पोकळ लागली की खणायला लावत. आमच्या घरातले पुरुष रानात. मी आणि अक्का दोघीच. तेवढ्यात मागचं दार वाजलं. बाहेर मामा, पाठीवर पाऊण पोतं, अंगावर राख, डोक्यात कडुनिंबाचा पाला. बियाणं किडू नये म्हणून राख-पाल्यात ठेवतात, ते सगळं तो अंगावर घेऊन आला होता. माझ्या मनात आलं, आता ऐक म्हणावं, थांबा, आम्ही जेवतोय. मी तोंड उघडणारच होते. पण अक्कानं दारही उघडलं आणि पोत्याचं एक टोकही धरलं.

“हिकडं कसं आनलंसा? हिकडंबी येनारच की ते.”

“दुसरं दार कुठलं हाय मला?” मामा म्हणाला. हे मात्र खरं होतं. सगळ्या आळीत त्यानं दुसरं दार शिल्लक ठेवलं नव्हतं.

आणि पुढचं दार वाजलं. “कौन है घर में? दरवाजा खोलो.”

अक्काचा आवाज म्हणजे तिनं ओट्यावरून हाक मारली तर शिवारातली औतं थांबायची. त्या आवाजात ती म्हणाली, “थांबा सायेब, बाळाला न्हाऊ घालतेय.”

मी गार. मामाच्या हातून पोतं सुटता सुटता राहिलं. तो कुजबुजला, “कुनाचं बाळ?”

“तुमचंच,” अक्का म्हणाली. “आना हिकडं.”

तिनं पेटीतून माझं लग्नातलं इरकली लुगडं ओढलं. माझं, तिचं नव्हे. तुळईला ते बांधून झोळी केली. बाहेरून गिरदावराचा आवाज आला, “हौ अम्मा, नहलाव, नहलाव. पानी कुनकुना है ना? थंडे पानी से नक्को.”

बाळंतिणीच्या घरात परका पुरुष आतून बोलावल्याशिवाय पाऊल घालत नाही, मग तो सरकारचा का असेना. तो ओट्यावर बसला. मी तांब्यानं परातीत पाणी ओतायला लागले, न्हाणं ऐकू जावं म्हणून. मामा ओंजळीनं शाळू झोळीत घालत होता. एकदम ओतला तर दाणा फुटेल ना. पेरणी बुडायची वेळ आली तरी दाण्याची काळजी सुटली नव्हती.

“आता अंग पुसतेय सायेब.”

“हौ, पोंछो. कान में पानी नक्को रहने देव. मेरे छोटे कू रह गया था, आठ दिन रोया.”

इथवर सगळं झकास चाललं होतं. पण अक्काचा तो आवाज आणि ती वाक्यं आळीनं ऐकली, आणि आळीतली झाडून सगळी पोरं धावत ओट्यावर आली. त्यांना वाटलं गोष्ट सुरू झाली. गिरदावराच्या अवतीभवती त्यांनी बैठक मारली आणि कावळा होऊन एकसुरात “चिऊताई, चिऊताई, दार उघड” म्हणायला लागली. आत मी पाणी ओतायचं थांबवलं. मामा खाली बसला. म्हणाला, “संपलं. गेलं माझं बी.”

बाहेर गिरदावर विचारत होता, “क्या है रे बच्चो? ये क्या बोलते तुम?”

“गोष्ट हाय,” एका पोरीनं सांगितलं. “आता अक्का तीट लावनार. मग टाळू भरनार. मग धुरी.”

“बच्चा है घर में?”

“न्हाय. गोष्टीत हाय.”

शिपायाची सळई ओट्याच्या दगडावर खण्ण वाजली. मी मनातल्या मनात खंडोबाला काय काय कबूल केलं ते फेडायला मला अजून दोन जन्म लागतील. मग गिरदावराचा आवाज आला, हळू, पोरांना विचारल्यासारखा. “फिर? वो दरवाजा खोलती क्या?”

“खोलती,” पोरगी म्हणाली. “पर लई उशिरा.”

“अच्छा,” तो म्हणाला. “तो बैठते.”

आणि बसला की. नुसता बसला नाही, पोरांच्या बरोबरीनं अक्काला पुढचं पुढचं सुचवायला लागला. “अम्मा, काजल हुआ क्या? झबला पेनाये क्या?” अक्काही पेटली. तिनं झबल्याचा बंद तोडला, सुई हरवली, सुई शोधली. ओट्यावर हसू फुटत होतं आणि आत आम्ही शेवटची ओंजळ झोळीत घालत होतो. मी विस्तवावर कडुनिंबाचा पाला टाकला. बाळंतिणीच्या खोलीत धूर असतोच, त्यामुळं बियाण्याचा वास त्यात मुरून गेला. राख झाडली, पोतं पाट्याखाली घातलं, आणि अक्कानं दार उघडलं.

गिरदावरानं जोडे उंबऱ्याबाहेर काढले. शिपायानं आमची कणगी बघितली, त्यात आमचा हिशेबातला जोंधळा होता. जमीन ठोकली, ती भरीव निघाली. मग दोघांचंही लक्ष झोळीकडे गेलं. पाऊण पोत्याच्या भारानं तुळई कण्हत होती आणि झोळी जमिनीपासून चार बोटांवर आली होती. एवढं दांडगं बाळ भीमानंतर मीच पाहिलं. अक्का झोळीची दोरी धरून शांत उभी, आणि कोपऱ्यात मामा, डोक्यात पाला.

“तगडा है,” गिरदावर म्हणाला. “किस पे गया?”

“मामावर,” अक्कानं कोपऱ्याकडं बोट केलं. “कुनाला काय देत न्हाय.”

त्यानं झोळीवर हात ठेवला, बाळाच्या डोक्यावर ठेवावा तसा. आतून सर्र असा आवाज झाला आणि इरकलीच्या घडीतून दोन-तीन दाणे जमिनीवर पडले. ते मला दिसले, मामाला दिसले. मामानं डोळे मिटून घेतले. शिपाई मागं वळून चुलीपाशी बघत होता. गिरदावर खाली वाकला, दाणे उचलले, मुठीत धरले. दुसऱ्या हातानं दंडावरचा काळ्या दोऱ्यातला ताईत सोडला आणि तो त्या मुठीत घालून मूठ तशीच झोळीत रिकामी केली.

“सोने देव,” तो शिपायाला म्हणाला. “उठेगा तो रोएगा. चलो.”

जाताना उंबऱ्यात थांबून त्यानं अक्काला हात जोडले. माझ्या हयातीत मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, त्यांतली बरीचशी स्वतःच स्वतःला मोठी म्हणणारी. हा माणूस जोडे घालताना एका पायावर उभा होता, तोल जात होता, आणि तरी मला तो वेशीएवढा दिसत होता.

मामा संध्याकाळपर्यंत झोळीपाशी बसून होता. जाताना म्हणाला, “अक्का, ऱ्हाऊ दे आजची रात हितंच. हलवलं तर दिसंल कुनाला.” मग जरा वेळानं, “दोरी हलवू नका उगं. दाना घासतो.” उपकार मानायचा शब्द त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मात्र आमची चूल पेटायच्या आत तो स्वतः गोवरीवर निखारा घेऊन दारात उभा. आमच्या घरी विस्तव इतका झाला की मी लपवून विझवत असे. गोवरी तेवढी तो परत मागायचा.

पेरणीचा दिवस आला. आळीतल्या लेकुरवाळ्या नटूनथटून मामाच्या रानाकडे निघाल्या. अक्का नेहमीसारखी सूप घेऊन बसली. मी अजून कुणाची आई नव्हते, म्हणून तिच्यापाशीच होते. तेवढ्यात मामा बांधावरून परत आला, धोतराला चिखल, धापा टाकत.

“अक्का, उठा.”

“कशाला?”

“मूठ घालायला.”

अक्कानं सुपातून मान वर केली नाही. “बाया गेल्यात की मामा. समद्या लेकुरवाळ्या हायत.”

“त्यास्नी बोलावलं कुनी?” मामा म्हणाला. “चला. बैल उभे हायत.”

आम्ही गेलो. तिफण जुंपलेली होती. अक्काला बघून तिफण धरणारा गडी चाचरला. “मालक, लेकुरवाळी पायजे.”

मामा बायकांकडे बघत नव्हता, गड्याकडे बघत नव्हता. तो चाड्यातली धूळ पुसत होता. म्हणाला, “हिच्याच झोळीतलं हाय हे. दुसरीच्या हातानं घालून घेनार न्हाय ते.”

अक्कानं पदरातून तो ताईत काढला आणि चाड्याला बांधायला घेतला. गाठ बसेना, तिनं ती सोडली, पुन्हा घातली, पुन्हा सोडली. मामानं चाडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तो थांबला, आणि ती बांधत होती तोवर एकदाही घाई केली नाही.