रिकामी दोरी

१९५७ चा डिसेंबर. संध्याकाळी बरोबर सहा वाजता धर्माजीचा हात सवयीने वर गेला आणि हवेतच दोरी ओढून रिकामा खाली आला. पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा रोज तोच वाजवी. आज तो अलिबागला, कुलाबा किल्ल्याला वळसा घालून सूर्यास्तासाठी थांबलेल्या होडीत बसला होता. भोंगा बदलीवर आलेल्या बन्सीकडे होता.

"बन्सी इसरला आसंल तर?"

"अवो, सूर्यबी तुमच्या भोंग्यासाठी अडलाय व्हय?" बायको ठकुबाई हसली. "बघा, बुडाला बी!"

धर्माजीने पाहिलं नाही. बन्सी विसरला तर त्याला शिव्या बसतील. पण त्याने वेळेवर वाजवला, तर धर्माजी नव्हता हे कुणाला कळणारही नाही. त्याला भीती होती ती याचीच.

परतीची एस.टी. उद्या दुपारची होती. सकाळी सातचा भोंगाही बन्सीच वाजवणार होता.